खोडलेल्या ओळी

परवा अमेरिकेतल्या नातीला १७७६ चा स्वातंत्र्याचा जाहीरनामा समजावून द्यायला बसलो. ती तिथे, मी इथे, पण दोघांच्या पडद्यावर एकच कागद. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संकेतस्थळावरचा, जेफरसनच्या हस्ताक्षरातला कच्चा मसुदा!

खाडाखोड पाहून ती हसली. "आजोबा, टीचरने याचे मार्क कापले असते!"

मग इंग्लंडच्या राजावर गुलामांच्या व्यापाराचा ठपका ठेवणारा परिच्छेद दाखवला. वसाहतींच्या काँग्रेसने तो गाळला. खुद्द जेफरसनकडेही गुलाम होते.

"मग सगळी माणसं समान, हे कोणासाठी लिहिलं?"

गुलामी कायद्याने संपायला १८६५ साल उजाडलं, एवढंच सांगू शकलो.

वर्गात मी आयुष्यभर छापील, स्वच्छ इतिहास शिकवला. खोडलेल्या ओळी दाखवल्या असत्या, तर असा प्रश्न तेव्हाच कोणी विचारला असता.