एक अपघात, दोन खटले आणि बाईच्या कामाचं मोल

 

आजचा विषय रस्त्यावरच्या अपघाताचा आहे. विषय नको वाटणारा आहे खरा, पण आता दारोदारी मोटारसायकल आहे. ऊसतोडीला जाणारी माणसं ट्रकमध्ये असतात, बाजाराला जाणाऱ्या बाया वडापमध्ये असतात. अपघात झाला की घरातलं माणूस जातं किंवा जायबंदी होतं, आणि त्याच वेळी पोलीस, कोर्ट, विमा, वकील असे शब्द घरात शिरतात. हे सगळं कुठून आलं आणि त्यात आपला हक्क कुठे आहे, हे इतिहासातून समजून घेऊ.

सुरुवातीलाच एक गोष्ट गाठीला बांधून ठेवा. अपघात एक असला तरी खटले दोन असतात. पहिला फौजदारी खटला. त्यात सरकार विरुद्ध गाडी चालवणारा असा सामना असतो आणि त्याला शिक्षा करायची की नाही हे ठरतं. दंड झाला तरी तो साधारणपणे सरकारजमा होतो. हेल्मेट नव्हतं, लायसन नव्हतं, सिग्नल तोडला म्हणून जे चलान फाडतात तेही सरकारचंच. दुसरा खटला नुकसानभरपाईचा. तो जखमी माणसानं किंवा मेलेल्याच्या वारसांनी करायचा असतो आणि त्यातले पैसे घरात येतात. पुष्कळ कुटुंबं पहिल्या खटल्याकडे डोळे लावून बसतात आणि दुसरा करायचा राहूनच जातो.

आता मागे जाऊ. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला आपल्या देशातली पहिली प्रवासी आगगाडी धावली. त्या काळी इंग्रजांच्या कायद्यात एक विचित्र नियम होता. दुसऱ्याच्या चुकीनं तुमचा पाय मोडला तर तुम्ही भरपाई मागू शकत होता. पण जीवच गेला, तर तुमचा हक्कही तुमच्याबरोबर गेला! मागे राहिलेल्या बायकोमुलांना काही मागता येत नव्हतं. इंग्लंडमध्ये हा नियम १८४६ मध्ये बदलला आणि आपल्याकडे १८५५ मध्ये प्राणघातक अपघातांचा कायदा आला. नवरा, बायको, आईवडील आणि मुलं यांच्यासाठी भरपाई मागण्याची वाट त्यानं उघडली. पण ती दिवाणी कोर्टातून जायची. मागाल त्या रकमेच्या प्रमाणात कोर्ट फी भरायची, चूक कुणाची ते सिद्ध करायचं आणि वर्षानुवर्षं थांबायचं. शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये, असं आपल्याकडे उगीच म्हणत नाहीत.

शिक्षेचा कायदा म्हणजे भारतीय दंड संहिता. ती १८६० ची. त्या वेळी रस्त्यावर मोटार नव्हती, टांगे आणि बैलगाड्या होत्या. बेदरकारपणे गाडी हाकणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, असं तेव्हाच्या २७९ कलमात लिहिलं. १८७० मध्ये ३०४-अ हे कलम आलं. निष्काळजीपणानं कुणाचा जीव घेतला तर दोन वर्षांपर्यंत कैद. ही कलमं दीडशे वर्षं चालली. १ जुलै २०२४ पासून त्यांच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. निष्काळजीपणानं मृत्यू झाल्यास आता पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. बेदरकार गाडी चालवण्याचा तो दंड मात्र आजही हजार रुपयांपर्यंतच आहे. १८६० मधले हजार रुपये आणि आजचे हजार रुपये, तुम्हीच हिशेब करा.

मोटारी वाढल्या तसा १९१४ मध्ये पहिला देशव्यापी मोटार कायदा झाला आणि १९३९ मध्ये मोठा मोटार वाहन कायदा आला. त्यातली एक तरतूद आपल्या फार कामाची. आपल्या गाडीनं दुसऱ्या कुणाला इजा झाली तर ती भरून देण्यासाठी विमा सक्तीचा झाला. प्रत्यक्षात ही सक्ती १९४६ पासून लागू झाली. यालाच आपण थर्ड पार्टी इन्शुरन्स म्हणतो. धडक देणारा ड्रायव्हर गरीब असला, त्याच्याकडे फुटकी कवडी नसली, तरी भरपाई विमा कंपनीकडून मिळू शकते ती यामुळेच. कंपनी ते पैसे उपकार म्हणून देत नाही. गाडीमालकानं त्यासाठी हप्ता भरलेला असतो.

१९५६ च्या दुरुस्तीनं आणखी एक दार उघडलं. अपघाताच्या भरपाईसाठी वेगळी न्यायाधिकरणं नेमण्याची सोय झाली. दिवाणी कोर्टाचा खर्च आणि वेळ वाचावा हा हेतू. जिल्ह्याच्या कोर्टात ‘मोटार अपघात दावा न्यायाधिकरण’ असा बोर्ड दिसतो, तो या दुरुस्तीतून आला.

दोन खटल्यांचं नातं समजायला १९८० चा सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल उपयोगी आहे. तमिळनाडूत रात्रीच्या वेळी एक प्रवासी बस खाली लोंबणाऱ्या विजेच्या तारेला लागली. आठ माणसं जागच्या जागी गेली. फौजदारी कोर्टात ड्रायव्हर निर्दोष सुटला. बसमालक म्हणाले, ड्रायव्हर सुटला, आता भरपाई कशाची? न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी ते मान्य केलं नाही. शिक्षा द्यायला लागतो तितका कडक पुरावा भरपाईला लागत नाही. इकडे तिकडे थोडी शंका आहे म्हणून मालकानं आणि ड्रायव्हरनं सुटून जावं आणि निष्पाप माणसांनी सोसावं, असं होता कामा नये, असं त्यांनी बजावलं.

हे मी मुद्दाम सांगते आहे. आमच्या प्रभागातल्या एका गटाच्या ताईंचा मुलगा मोटारसायकलच्या धडकेत जायबंदी झाला. समोरचा माणूस फौजदारी केसमधून सुटला, तेव्हा गावातल्या जाणत्या लोकांनी त्यांना सांगितलं, ‘केस सुटली, विषय संपला.’ विषय संपला नव्हता. भरपाईचा दावा वेगळा होता आणि तो पुढे चालला.

१९८२ मध्ये कायद्यानं आणखी एक पाऊल टाकलं. चूक कुणाची हे सिद्ध न करताही ठरावीक रक्कम मिळू लागली. मृत्यूसाठी १५ हजार, कायमच्या अपंगत्वासाठी साडेसात हजार. ठोकर मारून पळून गेलेल्या अनोळखी गाडीसाठीही थोडी मदत ठरली. मग १९८८ चा आजचा कायदा आला आणि १९९४ मध्ये तो बदलला. तोपर्यंत जिथे अपघात झाला तिथल्याच न्यायाधिकरणात जावं लागे. १९९४ पासून आपण राहतो तिथेही दावा करता येतो. नवरा गुजरातमध्ये ट्रकवर असताना गेला, तर बायकोला दर तारखेला गुजरात गाठायची गरज उरली नाही.

पण त्याच १९९४ च्या दुरुस्तीत आपल्याला बोचणारी एक ओळ होती. भरपाई ठरते ती माणूस किती कमवत होता यावरून. मग जी बाई घर सांभाळते तिची कमाई किती धरायची? कायद्याच्या तक्त्यात लिहिलं, कमावत्या नवऱ्याच्या उत्पन्नाच्या एक तृतीयांश. म्हणजे नवरा महिन्याला सहा हजार कमवत असेल, तर बायकोचं मोल दोन हजार. काम तेवढंच, पण नवरा गरीब म्हणून बायको स्वस्त!

ही ओळ बदलायला पुष्कळ वर्षं गेली. ३ मार्च १९८९ ला जमशेदपूरला टाटांच्या पोलाद कारखान्याच्या संस्थापक दिनाच्या कार्यक्रमात आग लागली आणि कितीतरी बायकामुलं दगावली. भरपाईचा हिशेब करायला सर्वोच्च न्यायालयानं माजी सरन्यायाधीश यशवंत विष्णू चंद्रचूड यांना सांगितलं. त्यांनी गृहिणीच्या कामाची किंमत काहींसाठी वर्षाला १२ हजार, तर काहींसाठी त्याहूनही कमी धरली. २००१ मध्ये न्यायालय म्हणालं, ही फार कमी आहे. घर चालवण्यासाठी बाई जी नाना कामं करते त्यांचं मोल कमीत कमी धरलं तरी महिन्याला तीन हजार, म्हणजे वर्षाला ३६ हजार होतं. हा रस्ता अपघात नव्हता, पण पुढे अपघाताच्या दाव्यांत हाच निकाल दाखवला जाऊ लागला.

२०१० मध्ये दुसरा मोठा निकाल आला. एका गृहिणीच्या मृत्यूबद्दल न्यायाधिकरणानं सहा लाखांचा हिशेब केला होता, आणि ती प्रत्यक्षात कमावती नव्हती म्हणून तो कापून अडीच लाखांवर आणला होता. सर्वोच्च न्यायालयानं पूर्ण सहा लाख दिले. न्यायमूर्ती गांगुली यांनी आणखी एक गोष्ट दाखवून दिली. २००१ च्या जनगणनेत घरकाम करणाऱ्या बायकांना भिकारी आणि कैदी यांच्या रांगेत, ‘काम न करणारे’ म्हणून बसवलं होतं. पहाटे उठून पाणी भरणारी, धारा काढणारी, सासऱ्यांचं औषधपाणी बघणारी बाई, आणि तिच्या नावापुढे ‘काम नाही’!

५ जानेवारी २०२१ च्या निकालात तर आकडेच मांडले गेले. दिल्लीत मोटारसायकलवरून जाणारं एक जोडपं कारच्या धडकेत गेलं, मागे लहान मुली राहिल्या. न्यायमूर्ती रमणा यांनी सरकारच्याच २०१९ च्या पाहणीचा आधार घेतला. घरकामात बाई दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवते आणि पुरुष ९७ मिनिटं. न्यायालयानं सांगितलं की गृहिणीच्या कामाचं मोल धरायचं, आणि कमावत्या माणसाची पुढची वाढ जशी हिशेबात घेतात तशी तिचीही घ्यायची. भरपाई २२ लाखांवरून ३३ लाख २० हजारांवर गेली. फेब्रुवारी २०२४ मध्ये आणखी एक निकाल आला. गृहिणीच्या कामाचं मोल रोजंदारी मजुराच्या किमान वेतनापेक्षा कमी धरता येणार नाही.

गटाच्या वहीत मांडतो तसा एक हिशेब मांडू. समजा बत्तीस वर्षांच्या बाईच्या कामाचं मोल महिन्याला दहा हजार धरलं. वर्षाचे एक लाख वीस हजार. चाळिशीच्या आत असल्यामुळे पुढच्या वाढीचे ४० टक्के धरून झाले एक लाख अडुसष्ट हजार. तिच्यावर अवलंबून चार माणसं असतील तर तिच्या स्वतःच्या खर्चाचा एक चतुर्थांश वजा, राहिले एक लाख सव्वीस हजार. या वयाला १६ नं गुणतात. झाले वीस लाख सोळा हजार. पण जबाब देताना घरच्यांनी सांगितलं, ‘ती काही करत नव्हती, घरीच असायची,’ तर या हिशेबाचा पायाच डळमळतो. दुसऱ्या बाजूचा वकील नेमकं तेच वाक्य धरून ठेवतो.

म्हणून काही गोष्टी ध्यानात ठेवा. अपघात झाल्यावर फिर्याद द्या, एफआयआरची प्रत आणि पंचनामा घ्या. दवाखान्याची प्रत्येक पावती जपा. आता पोलिसांनीही अपघाताचा अहवाल न्यायाधिकरणाला पाठवायचा असतो, तो गेला का ते विचारा. दाव्याची मुदत १९९४ मध्ये काढून टाकली होती, पण १ एप्रिल २०२२ पासून ती सहा महिने झाली आहे. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे, तरी आपण सहा महिन्यांच्या आतच दावा करावा.

गावात बसून वीस-पंचवीस हजारांत मिटवायचं आणि ‘आमची तक्रार नाही’ असं लिहून द्यायचं, हे टाळा. मृत्यूचा गुन्हा तसा आपसात मिटत नाही, आणि तो कागद पुढे आपल्याच दाव्याला नडतो. चूक सिद्ध न करता मिळणारी रक्कम आता मृत्यूला पाच लाख आणि गंभीर दुखापतीला अडीच लाख आहे. पण ती स्वीकारली की मोठा दावा संपतो, म्हणून सहीआधी वकिलाला विचारा. गाडी पळून गेली आणि सापडलीच नाही, तर मृत्यूला दोन लाख आणि गंभीर दुखापतीला पन्नास हजार मिळतात. त्यासाठी प्रांत किंवा तहसील कार्यालयात चौकशी करा.

वकिलाच्या खर्चाला घाबरू नका. १९८७ च्या कायद्यानं कोणत्याही स्त्रीला, तिचं उत्पन्न कितीही असलं तरी, मोफत कायदेशीर मदत मिळते. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते, आणि १५१०० हा फोन नंबर आहे.

आपल्या बाजूनेही नियम पाळायचे आहेत. दारातल्या गाडीचा विमा संपू देऊ नका. विमा नसेल तर भरपाई मालकाच्या खिशातून, म्हणजे आपल्याच घरातून जाते. अठरा वर्षांच्या आतल्या मुलाच्या हातात किल्ली दिली, तर २०१९ च्या दुरुस्तीनुसार पालकाला किंवा मालकाला २५ हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आणि लग्नाला, जत्रेला मालाच्या टेम्पोत बसून जाऊ नका. तिथे फुकट बसलेल्या माणसाची जबाबदारी विमा कंपनीवर नसते, हे सर्वोच्च न्यायालयानं २००३ मध्येच सांगितलं आहे.

पुढच्या बैठकीत एक काम करा. प्रत्येकीनं आपल्या दिवसभराच्या कामाची यादी वहीत लिहा. दूध, शिवण, शेळ्या, शेतातली भांगलण, पापड-मसाले, म्हाताऱ्यांची सेवा, पोरांचा अभ्यास, सगळं. आणि फॉर्मवर कुणी ‘व्यवसाय’ विचारला, तर ‘काही नाही’ असं पुन्हा सांगू नका. आपण काय करतो ते सांगा आणि तेच लिहून घ्यायला लावा.

 जपून जा, जपून या.