वॉल स्ट्रीटची पडझड आणि एका राष्ट्राची मंदी

एखाद्या देशाचा रोखेबाजार कोसळतो, तेव्हा त्या देशाचे नेमके काय नाहीसे होते? शेते जागच्या जागी असतात, कारखान्यांतील यंत्रे गंजलेली नसतात, कामकऱ्यांच्या हातांतील कसब एका रात्रीत विरून जात नाही. आदल्या दिवशी कोठारात जितका गहू होता तितकाच दुसऱ्या दिवशीही असतो. बदलतात ते केवळ कागदावरचे आकडे. आणि तरीही १९२९ च्या ऑक्टोबरनंतर साडेतीन वर्षांच्या आत अमेरिकेसारख्या धनाढ्य राष्ट्रात दर चार कामकऱ्यांपैकी एक बेकार झाला व राष्ट्रीय उत्पन्नाचा आकडा जवळजवळ निम्म्यावर आला. अधिक नवल असे की, त्या वेळच्या सुमारे बारा कोटी अमेरिकनांपैकी ज्यांचे दलालांकडे खाते होते असे लोक पंधरा लाखांच्या आसपासच होते. मग पंधरा लाखांच्या सट्ट्याचे प्रायश्चित्त बारा कोटींना का घ्यावे लागले?

प्रथम त्या तेजीकडे पाहू. पहिल्या महायुद्धानंतरच्या दशकात अमेरिकेत मोटारी, रेडिओ, विजेची उपकरणे घरोघर पोहोचली, आणि बरीचशी हप्त्याने पोहोचली. भागांची खरेदीही तशीच उसनवारीवर चाले. शंभर डॉलरचा भाग घेताना गिऱ्हाइकाने दहा-वीस डॉलर रोख द्यावेत, उरलेली रक्कम दलालाने कर्जाऊ द्यावी आणि तोच भाग तारण म्हणून आपल्यापाशी ठेवून घ्यावा, अशी रीत होती. दहा डॉलर रोख भरणाऱ्याचे गणित सोपे होते. भाव दहा टक्के चढला की पैसे दुप्पट. दहा टक्के उतरला की सर्वस्व गेले. दलालांना हा पैसा बँका आणि मोठमोठ्या कंपन्या पुरवीत, आणि १९२९ च्या शरदऋतूत अशा कर्जांचा आकडा साडेआठ अब्ज डॉलरवर गेला होता. ३ सप्टेंबर १९२९ रोजी डाऊ जोन्सचा निर्देशांक ३८१ वर पोहोचला. पुढच्याच महिन्यात येल विद्यापीठाचे थोर अर्थशास्त्रज्ञ अर्व्हिंग फिशर यांनी, भाव आता कायमच्या उंच पठारावर जाऊन बसले आहेत, अशा आशयाचे मत जाहीर केले. या विद्वानाची आपल्याला पुढे पुन्हा गाठ पडणार आहे.

२४ ऑक्टोबरच्या गुरुवारी एक कोटी एकोणतीस लाख भाग विकले गेले. दुपारी बड्या बँकांचे धुरीण मॉर्गन यांच्या पेढीवर जमले आणि बाजाराचे उपाध्यक्ष रिचर्ड व्हिटनी यांनी ऐटीत पुढे येऊन पोलादाचे भाग चढ्या भावाने मागितले. लोकांना धीर आला. (हेच व्हिटनी १९३८ साली अफरातफरीबद्दल तुरुंगात गेले, हे जाता जाता सांगितले पाहिजे.) परंतु तो धीर चार दिवसही टिकला नाही. मंगळवार २९ ऑक्टोबर रोजी एक कोटी चौसष्ट लाख भागांची विक्री झाली. भाव छापणारी यंत्राची फीत तासन्‌तास मागे पडली. आपण बुडालो की तरलो हे माणसाला दिवस मावळल्यावरही कळेना. त्या दिवसांत गगनचुंबी इमारतींवरून धनिकांनी धडाधड उड्या टाकल्या, ही मात्र बव्हंशी दंतकथा होय. गॅलब्रेथ यांनी मृत्यूंचे आकडे तपासून पुढे ते दाखवून दिले.

तथापि बाजाराची पडझड म्हणजेच मंदी नव्हे. १९३० च्या आरंभी भाव काहीसे सावरलेही होते. पडझडीचा वाटा किती आणि इतर कारणांचा किती, यावर आजही पंडितांत एकमत नाही. माझ्या मते खरा घात तीन वाटांनी झाला. पहिली वाट भयाची. उद्याची शाश्वती नसलेला माणूस हप्त्याने मोटार घेत नाही. १९२९ साली अमेरिकेत त्रेपन्न लाख मोटारगाड्या तयार झाल्या होत्या. १९३२ साली तेरा लाख. मोटारीच्या मागे पोलाद, रबर, काच, रंग असे कितीतरी धंदे बांधलेले होते.

दुसरी वाट बँकांची, आणि तीच अधिक घातक. अमेरिकेत तेव्हा सुमारे पंचवीस हजार बँका होत्या व त्यांतील बहुसंख्य एका गावच्या, एका कचेरीच्या. अनेक राज्यांत शाखा काढण्यास कायद्यानेच बंदी होती. गावचे पीक बुडाले वा पिकाचा भाव बुडाला की गावची बँकही बुडावी, असा हा मामला. डिसेंबर १९३० मध्ये न्यूयॉर्कची ‘बँक ऑफ युनायटेड स्टेट्स’ बंद पडली. ती होती खाजगीच, परंतु नाव असे भारदस्त की परदेशातील अनेकांना ती सरकारी वाटली. तिच्यात सुमारे चार लाख लोकांच्या ठेवी होत्या. ठेवीला कोणतेही संरक्षण नसल्यामुळे कुजबुज कानावर येताच दारापुढे रांग लावणे हेच ठेवीदाराच्या दृष्टीने शहाणपणाचे होते, आणि प्रत्येकाच्या या शहाणपणातूनच धडधाकट बँकादेखील मोडल्या. १९३३ पर्यंत सुमारे नऊ हजार बँका बंद झाल्या. देशातील पैशाचा साठा एक तृतीयांशाने आटला, आणि त्या वेळी बाजारात पैसा ओतण्याचे ज्याचे कर्तव्य होते ते फेडरल रिझर्व्ह बव्हंशी हात बांधून राहिले, असा ठपका फ्रीडमन व श्वार्ट्झ यांनी १९६३ साली आपल्या ग्रंथात ठेवला.

तिसरी वाट कर्जाची. ती उलगडून दाखवली फिशर यांनीच, १९३३ साली. मधल्या काळात त्यांची स्वतःची संपत्ती बाजारात धुऊन निघाली होती. त्यांचा सिद्धांत शेतकऱ्याच्या उदाहरणाने सहज कळेल. एक हजार डॉलर कर्ज असलेल्या कापूसवाल्याला पौंडाला सतरा सेंट भाव असताना ते फेडण्यास सुमारे सहा हजार पौंड कापूस पुरे. भाव सहा सेंटांवर आला की त्याच कर्जापायी साडेसोळा हजार पौंडांहून अधिक कापूस घालावा लागे. कागदावरचे कर्ज एका सेंटानेही वाढलेले नसे आणि तरी ते जवळजवळ तिप्पट झालेले असे. ते फेडण्यासाठी जो तो माल विकायला काढी, त्यामुळे भाव आणखी पडत.

म्हणूनच १९३२-३३ ची दृश्ये इतकी विपरीत दिसतात. शहरांत पावासाठी लांबच लांब रांगा, आणि खेड्यांत भाव येत नाही म्हणून रस्त्यावर ओतलेले दूध. आयोवात कोळशापेक्षा मका स्वस्त पडतो म्हणून लोकांनी तो चुलीत जाळला. शहरांच्या कडेला पत्र्याच्या व खोक्यांच्या वस्त्या उठल्या. अध्यक्ष हूव्हर यांच्या नावावरून लोक त्यांना ‘हूव्हरव्हिल’ म्हणत. शेताचा लिलाव पुकारला की शेजारीपाजारी जमत, परक्याला बोली लावू देत नसत, आणि काही सेंटांत वस्तू घेऊन मूळ मालकाच्या हवाली करीत. १९३३ च्या एप्रिलमध्ये ले मार्स येथे तर संतप्त शेतकऱ्यांनी न्यायाधीशाला न्यायालयातून ओढून नेऊन त्याच्या गळ्यात दोर अडकवला. आदल्या वर्षीच्या जुलैत, मिळावयाचा बोनस आधी द्या म्हणून राजधानीत तळ ठोकून बसलेल्या महायुद्धातील माजी सैनिकांवर सरकारने घोडदळ व रणगाडे धाडले होते. मंदीने कायद्यावरची श्रद्धाच कशी हलते, ते या दोन प्रसंगांत दिसते.

ही आग एका देशात राहिली नाही. १९३० साली अमेरिकेने आयातीवरील जकाती वाढवल्या. इतरांनीही तसेच केले. मे १९३१ मध्ये व्हिएन्नाची क्रेडिटअन्स्टाल्ट बँक कोसळली, आणि २१ सप्टेंबर रोजी ब्रिटनने सुवर्णचलन सोडले. आपला रुपया अठरा पेन्सांच्या दराने पौंडाला बांधलेला असल्यामुळे तोही त्याबरोबर ओढला गेला. वऱ्हाड-खानदेशातील कापूस उत्पादकाने वॉल स्ट्रीटचे नाव ऐकले नसेल, परंतु शेतमालाचे भाव निम्म्यावर आले तेव्हा शेतसारा व सावकाराचे व्याज मात्र निम्मे झाले नाही. पाटल्या, सरी, पुतळ्यांच्या माळा मोडीत निघाल्या आणि शेकडो कोटी रुपयांचे सोने आगबोटींतून विलायतेस गेले. चढलेल्या भावाचा लाभ म्हणून किती विकले गेले आणि नड म्हणून किती, हा इतिहासकारांचा वाद आहे. पण ज्या घरात दुसरी पुंजीच नव्हती, तेथे नडच असणार. मध्य प्रांतात १९३३ साली कर्जतडजोडीचा आणि मुंबई इलाख्यात १९३९ साली शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा कायदा करावा लागला, तो उगाच नव्हे.

४ मार्च १९३३ रोजी रूझवेल्ट अधिकारावर आले आणि दोनच दिवसांनी त्यांनी देशातील सगळ्या बँका बंद केल्या. १२ मार्चच्या रविवारी रात्री ते रेडिओवर बोलले. आपण बँकेत ठेवलेला पैसा तेथे तिजोरीत पडून राहत नाही, तो कर्जाऊ जातो, म्हणून सर्वांनी एकदम मागितल्यास कोणतीच बँक तो देऊ शकणार नाही, एवढीच गोष्ट त्यांनी साध्या शब्दांत समजावून सांगितली. दुसऱ्या दिवसापासून तपासणीत टिकलेल्या बँका उघडू लागल्या, आणि लोक पुन्हा रांगा लावून उभे राहिले, ते ठेवी परत भरण्यासाठी. मंदी त्यामुळे संपली नाही. बेकारी खरी हटली ती दुसऱ्या महायुद्धाच्या कारखान्यांनी, आणि डाऊ जोन्सचा निर्देशांक १९२९ च्या उंचीवर परत येण्यास १९५४ चा नोव्हेंबर उजाडावा लागला. परंतु १ जानेवारी १९३४ पासून अमेरिकेत अडीच हजार डॉलरपर्यंतच्या ठेवीला विम्याचे संरक्षण मिळाले. आपल्याकडे तशी व्यवस्था १ जानेवारी १९६२ पासून सुरू झाली. त्यापूर्वी १९६० साली केरळातील पलई सेंट्रल बँक आणि आपल्या अकोल्याची लक्ष्मी बँक बुडाली होती. प्रारंभी ती हमी पंधराशे रुपयांची होती. २०२० पासून ती पाच लाखांची झाली.