ब्रसेल्सची आंबट बिअर

नोव्हेंबरातील एखाद्या थंड सायंकाळी ब्रसेल्स शहराच्या आंडरलेख्त भागातील कांतियों या जुन्या बिअरशाळेच्या माळ्यावर गेल्यास तेथे तांब्याचे एक विलक्षण पात्र दृष्टीस पडते. उंचीने बेताचे, परंतु लांबीरुंदीने सबंध माळा व्यापणारे. एखादी अजस्र परातच म्हणावयाची. तीत सुमारे ७५०० लिटर कढत काढा ओतलेला असतो. वाफेने छपराच्या तुळया ओल्या होतात. कामकरी झडपा उघडतात आणि जिना उतरून निघून जातात. रात्रभर त्या काढ्याकडे कोणी फिरकत नाही. त्यात जे काही मिसळावयाचे ते वाऱ्याबरोबर येते, आणि प्रातःकाळी गार झालेला तो रस लाकडी पिंपांत भरला जातो.

या पेयास लांबिक म्हणतात. ब्रसेल्सच्या नैर्ऋत्येस लेंबेक नावाचे एक गाव आहे. त्याच्यावरून हे नाव पडले असावे, असा एक तर्क केला जातो. सेन्न नदीचे खोरे आणि त्याच्या पश्चिमेचा पायोटेनलँड हा शेतीचा मुलूख, हे या बिअरचे माहेर. जगातील बहुतेक सर्व बिअर आज मनुष्याने निवडलेले किण्व मोजून घालून आंबवली जाते. लांबिकला ते विरजण लावावे लागत नाही. ही गोष्ट मराठी गृहिणीस नवलाची वाटू नये. दुधास विरजण लागते, परंतु इडलीचे पीठ रात्री झाकून ठेवले की सकाळी ते आपोआप फुगून वर येते. त्यात कोणी काही घातलेले नसते. फरक इतकाच की, इडलीचे काम एका रात्रीत आटोपते आणि लांबिकला तीन वर्षे लागतात.

या काढ्यात मोड आणून वाळवलेले सातू असतात आणि त्यांच्या जोडीस निदान तीस टक्के कच्चा, मोड न आणलेला गहू असतो. हे प्रमाण बेल्जियन सरकारने १९६५ साली कायद्याने बांधून दिले; रीत मात्र त्याहून पुष्कळ जुनी. हॉप नावाच्या वेलीची फुले इतरत्र बिअरला कडवट चव यावी म्हणून ताजी वापरतात; येथे ती मुद्दाम काही वर्षे जुनी करून घालतात, म्हणजे कडवटपणा उडून जातो आणि नासू न देण्याचा गुण तेवढा उरतो. काढा उकळावयाचा तो ऑक्टोबर ते मार्च-एप्रिल या थंड महिन्यांतच. उन्हाळ्याच्या हवेत नको त्या जंतूंची दाटी होते व काढा रातोरात बिघडतो.

पिंपांविषयी दोन शब्द अधिक लिहिणे अगत्याचे आहे. ही पिंपे ओक किंवा चेस्टनटच्या लाकडाची व बहुधा पूर्वी द्राक्षासवासाठी वापरलेली असतात. त्यांतील सुमारे ६५० लिटरच्या मोठ्या पिंपास तेथील कारागीर 'पाइप' म्हणतात. मराठीतील 'पिंप' हा शब्द पोर्तुगीज 'पिपा'वरून आला, आणि तो 'पाइप' शब्दही त्याच गोतावळ्यातला. पिंपाच्या तोंडाला लावावयाचे 'बूच'ही आपणांस पोर्तुगीजांनीच दिले. लांबिकच्या पिंपाला मात्र आरंभी बूच मारीत नाहीत. पहिले काही दिवस आतील रस इतक्या जोराने उसळतो की, पांढरा फेस तोंडातून ओसंडून पिंपाच्या पोटावरून ओघळत राहतो.

आत जे चालते ते पाळीपाळीने चालते. प्रथम आतड्यांतील जंतूंच्या कुळातील काही जंतू येतात. ते महिन्याभरात मरतात. मग नेहमीचे यीस्ट येते व तीनचार महिन्यांत साखरेचे मद्य करते. त्यानंतर दुग्धाम्ल करणाऱ्या जंतूंची पाळी. पहिल्या उन्हाळ्यात त्यांच्यामुळे बिअर तेलासारखी चिकट व तार धरणारी होते, आणि नवख्या मनुष्यास पिंप नासले असे वाटते. जाणता कारागीर त्याला हात लावीत नाही. थोड्याच महिन्यांत ब्रेटॅनोमायसीस नावाचे मंदगती किण्व तो चिकटपणा खाऊन टाकते व उरलेल्या साखरेवर दोन-दोन वर्षे सावकाश काम करीत राहते. पृष्ठभागावर त्याची एक पातळ साय धरते; ती बाहेरची हवा आत जाऊ देत नाही. ती मोडू नये म्हणून पिंप हलवावयाचे नाही. जाळी विणणाऱ्या कोळ्यांनाही तेथे अभय असते, कारण फळांवरील माश्यांना आवरणारे तेच.

आता हे सारे एकोणिसाव्या शतकातील शास्त्रज्ञांस कसे दिसले, ते पाहण्यासारखे आहे. पाश्चरने १८७६ साली बिअरवरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. बिअर आंबट होणे हा रोग आहे आणि परके जंतू त्या रोगाचे कारण आहेत, असे त्याने दाखवून दिले. पुढे १८८३ साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल हान्सेन याने यीस्टची एकच पेशी वेगळी काढून तिच्यापासून शुद्ध बियाणे वाढविले. युरोपच्या बिअरशाळांवर या शोधाचे उपकार थोर आहेत, यात संशय नाही. दरवर्षी हजारो पिंपे गटारात ओतावी लागत, ती वाचली. परंतु शुद्ध बियाण्याचा नियम सर्वत्र लागू होताच जुन्या आंबट बिअरी एकेक करून मागे पडल्या. ज्या गोष्टीस आजोबा चव म्हणत, तिलाच नातू दोष म्हणू लागला. ब्रसेल्सचा उपहास तर त्याही आधीपासून होत होता. १८६४ ते १८६६ या काळात तेथे राहिलेल्या बोदलेर या फ्रेंच कवीने फारो या पेयाची, म्हणजे साखर घातलेल्या हलक्या लांबिकची, अत्यंत किळसवाणी थट्टा केली आहे आणि ती सेन्न नदीच्या घाण पाण्याशी जोडली आहे. ती नदी शहरातून उघडी वाहत असे; १८६७ ते १८७१ या काळात तिच्यावर छत घालून ती भूमिगत करण्यात आली. कवीचा राग बिअरपेक्षा बेल्जियमवरच अधिक होता, असे त्याचे लेखन वाचून वाटते.

गंमत अशी की, रोगाचे हे जंतू ओळखीचे सोबती ठरविण्याचे कामही त्याच कार्ल्सबर्गमध्ये झाले. तेथील क्लाउसेन या शास्त्रज्ञाने १९०४ साली लंडनमध्ये असे प्रतिपादन केले की, इंग्लंडातील जुन्या, पिंपात मुरविलेल्या बिअरचा खास गंध एका निराळ्या किण्वामुळे येतो. त्याने त्यास 'ब्रेटॅनोमायसीस', म्हणजे 'ब्रिटिश बुरशी', असे नाव दिले. एकोणिसाव्या शतकात केपला वळसा घालून मुंबई-कलकत्त्यास उतरणारी इंग्रजी बिअरही लाकडी पिंपांतूनच येत असे. पुढे १९२१ साली कुफेराट व वान लार यांनी त्या किण्वाची एक जात लांबिकमधून वेगळी काढून तिला 'ब्रुक्सेलेन्सिस' असे ब्रसेल्सचेच नाव दिले. द्राक्षासव करणारे आजही या जंतूस शत्रू मानतात.

तथापि जंतूंनी काम केले म्हणजे पेय तयार झाले असे नाही. पिंपागणिक चव निराळी. एक पिंप नुसते शिरक्यासारखे, तर शेजारचे मृदू व सुगंधी. म्हणून एक वर्षाची, दोन वर्षांची आणि तीन वर्षांची लांबिक एकत्र करून शँपेनच्या जाड बाटलीत भरतात. कोवळ्या लांबिकमध्ये थोडी साखर शिल्लक असते, ती बाटलीत पुन्हा आंबून फेस देते. जुनीकडून गंध व गांभीर्य येते. या मिश्रणास ग्यूझ म्हणतात. हे मिश्रण करणे हा स्वतंत्र धंदा आहे. कित्येक घराणी स्वतः काढा न उकळता दुसऱ्याकडून घेऊन आपल्या पिंपांत मुरवितात. त्यांचे भांडवल म्हणजे त्यांची जीभ.

त्या जिभेने काय पारखावयाचे? प्रथम वास. लिंबाची साल, हिरवे सफरचंद, वाळके गवत, आणि त्यांच्या मागे घोड्याच्या खोगिराखालील कांबळ्याची आठवण देणारा एक उग्र गंध. शेवटची उपमा ऐकून पुष्कळजण पेला खाली ठेवतात. परंतु जाणकार नेमका तोच गंध शोधतो, मात्र तो दबलेला असला पाहिजे. मग आंबटपणा. येथे ताकाचा आंबटपणा आणि शिरक्याचा आंबटपणा यांत भेद करावा लागतो. ताकाचा हवा; तो जिभेच्या कडांवर स्वच्छ उमटतो आणि ओसरतो. शिरक्याचा घशाशी जळजळतो. तो किंचित असला तर चव उठावदार होते, अधिक झाला तर पिंपात हवा शिरली असे समजावे. शेवटी लाकडाचा तुरटपणा. आवळा खाऊन पाणी प्यावे तसा तो तोंडात मागाहून काही वेळ रेंगाळतो. गोडी जवळजवळ नसतेच. ग्यूझ फार थंड पिऊ नये, नाहीतर गंध झोपी जातो. तळघरातील बारा-चौदा अंशांचा गारवा पुरे. बाटली आडवी ठेवलेली असते, ती तशीच वेताच्या टोपलीतून हलक्या हाताने ओततात, म्हणजे तळाचा गाळ उठत नाही. पहिल्या घोटावरून मत देऊ नये. तोंड आंबटाला सरावल्यावरच बाकीच्या चवी उघडतात.

क्रीक ही तिची बहीण. आंबट चेरी देठ काढून, बियांसकट, लिटरला सुमारे २०० ग्रॅम या प्रमाणात पिंपात टाकतात. बियांमुळे बदामाची पुसट चव येते. ब्रसेल्सच्या स्खारबेक भागातील चेरीची झाडे यासाठी प्रसिद्ध होती. शहर वाढले व बागा गेल्या.

बागांप्रमाणे बिअरशाळाही गेल्या. विसाव्या शतकाच्या आरंभी बेल्जियमात तीन हजारांवर बिअरशाळा होत्या. पहिल्या महायुद्धात जर्मन सैन्याने त्यांची तांब्याची भांडी जप्त करून नेली आणि कित्येकांच्या चुली पुन्हा पेटल्याच नाहीत. दुसऱ्या महायुद्धानंतर गोड सरबतांच्या व फिक्या बिअरच्या सवयीने जिभाच बदलल्या. मोठे कारखानदार लांबिकमध्ये साखर व फळांचे गोड रस घालून तीच नावे वापरू लागले. ज्या तरुणांनी ती गोड बिअर प्रथम चाखली, त्यांस खरी ग्यूझ बिघडलेली वाटू लागली. १९०० साली स्थापन झालेल्या कांतियों घराण्याचा जावई जाँ-पिएर वान रॉय याने विक्री घटत असतानाही आंबटपणा सोडला नाही. १९७८ साली त्याने बिअरशाळेचेच संग्रहालय केले. पाहुणे तिकीट काढून आत येत, पिंपे पाहत आणि निघताना एक पेला चाखत. पेयाची चव गिऱ्हाइकाच्या जिभेवर आणण्याऐवजी गिऱ्हाइकास पेयापाशी आणण्याची ही युक्ती होती, आणि ती यशस्वी झाली. १९९७ पासून युरोपीय कायद्यानेही 'ऊडे', म्हणजे 'जुनी', हा शब्द खऱ्या ग्यूझसाठी राखून ठेवला.

त्याच वर्षी लहान कारागिरांची एक संघटना उभी राहिली. तिच्या संस्थापकांत बीर्सेल गावचा आर्मांद डेबेल्डर होता. २००९ च्या मे महिन्यात त्याच्या गोदामातील तापयंत्र बिघडले. रात्रभर उष्णता वाढत राहिली, हजारो बाटल्या फुटल्या व उरलेल्या भाजून निघाल्या. कित्येक वर्षांचा संचय एका रात्रीत गेला. त्याने उरलेली बिअर ऊर्ध्वपातन करून तिचा अर्क काढला, तो विकला आणि दुसऱ्यांकडून काढा घेऊन पुन्हा पिंपे भरली. २०२२ साली तो वारला, तेव्हा त्याची बिअर मिळविण्यासाठी देशोदेशीचे लोक बीर्सेलला येत होते.

आता चिंता हवेचीच आहे. काढा रातोरात निवावयास रात्र थंड लागते, आणि तशा रात्री कमी होत चालल्या आहेत. २०१५ च्या नोव्हेंबरात ब्रसेल्सच्या रात्री इतक्या उबदार राहिल्या की, कांतियोंच्या घरी काढा उकळण्याचे काम काही दिवस थांबवावे लागले. चुली थंड, परात कोरडी. आणि वान रॉय घराण्याची पुढची पिढी थंडीची वाट पाहत बसली.