रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल : आकडा उतरला तरी उपचार सुरूच

उच्च रक्तदाब आणि रक्तातील वाढलेले कोलेस्टेरॉल हे दोन्ही विकार बहुधा कोणतेही लक्षण न दाखवता वर्षानुवर्षे शरीरात राहतात. अनेकांना त्यांची पहिली जाणीव हृदयविकाराच्या झटक्याने किंवा पक्षाघातानेच होते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत 35.5 टक्के प्रौढांमध्ये उच्च रक्तदाब, तर 24 टक्के प्रौढांमध्ये कोलेस्टेरॉलची अधिकता आढळली.

निदान : पाच मिनिटे शांत बसल्यानंतर, वेगवेगळ्या दिवशी मोजलेला रक्तदाब 140/90 किंवा त्याहून अधिक असल्यास तो उच्च मानला जातो. कोलेस्टेरॉलमध्ये ‘एलडीएल’ हा घटक विशेष घातक असतो. वाढलेल्या दाबाने धमन्यांच्या अस्तराला इजा होते आणि तेथे एलडीएल साचून थर तयार होतो. म्हणूनच दोन्ही विकारांवर एकत्रित उपचार आवश्यक ठरतात.

औषधे : रक्तदाबासाठी अम्लोडिपिन, टेल्मिसार्टन व क्लोरथॅलिडोन ही औषधे प्रचलित आहेत. एकाच औषधाची मात्रा वाढवण्याऐवजी दोन औषधे अल्प मात्रेत देणे पुष्कळदा अधिक परिणामकारक ठरते. कोलेस्टेरॉलसाठी प्रामुख्याने स्टॅटिन गटातील औषधे दिली जातात. मध्यम मात्रेत ती एलडीएल 30 ते 50 टक्क्यांनी घटवतात. अम्लोडिपिनमुळे पायांवर सूज, तर स्टॅटिनमुळे काहींना स्नायुदुखी संभवते. अशा वेळी औषध परस्पर बंद न करता डॉक्टरांकडून बदलून घ्यावे. गर्भवतींनी, तसेच गर्भधारणेचा विचार करणाऱ्या स्त्रियांनी टेल्मिसार्टन व स्टॅटिनबाबत डॉक्टरांचा सल्ला अवश्य घ्यावा.

जीवनशैली : जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढ व्यक्तीने दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे. लोणची, पापड, फरसाण आणि पाकीटबंद पदार्थांतून जाणारे मीठ सहसा हिशेबात धरले जात नाही. तूप, लोणी, पामतेल व खोबरेल तेलातील संपृक्त मेद एलडीएल वाढवतो. डाळी, कडधान्ये, ओट्स व फळांतील तंतू ते घटविण्यास मदत करतात. आठवड्याला किमान 150 मिनिटे जलद चालणे, वजन आटोक्यात ठेवणे आणि तंबाखू व मद्य वर्ज्य करणे हितावह असते. ‘कमी सोडियम’चे मीठ मूत्रपिंडविकार असलेल्यांनी किंवा टेल्मिसार्टन घेणाऱ्यांनी विचारल्याविना वापरू नये, त्यातील पोटॅशियम त्यांना अपायकारक ठरू शकते.

उपचारातील खंड : तपासणीचा आकडा सामान्य आला की ‘आता बरे झाले’ असे समजून गोळ्या थांबवल्या जातात. वस्तुतः तो आकडा औषधाचाच परिणाम असतो. औषध सुटताच तो बहुधा पूर्वपदावर जातो. वजन व मीठ कमी झाल्यास मात्रा घटू शकते, मात्र तो निर्णय डॉक्टरांचा असावा.

नियमितपणाचे हेच सूत्र सार्वजनिक उपक्रमांतही दिसते. 2017 मध्ये महाराष्ट्रासह पाच राज्यांत सुरू झालेल्या ‘भारत उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमा’त ठरावीक औषधक्रम, घराजवळच्या केंद्रातून किमान 30 दिवसांच्या मोफत गोळ्या आणि रुग्णांचा पाठपुरावा यांवर भर देण्यात आला. या उपक्रमाला 2022 मध्ये संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कार मिळाला. रक्तदाबाचे उपचार महागडे नसतात. ते अखंड सुरू राहणे महत्त्वाचे असते.