गाडी चालवणारा आणि गाडी पाठवणारा

थोडं मोठं लिहितोय. सवडीने वाचा, पण अंबरनाथ-बदलापूरच्या एमआयडीसीत काम करणाऱ्यांनी तरी शेवटपर्यंत वाचा.

मी कात्रपला राहतो. आमच्या बदलापूरच्या नावाची एक गोष्ट इथे लहानपणापासून ऐकवतात. शिवकाळात सुरत-कल्याणकडून घाटावर जाताना इथे घोडे बदलत, म्हणून बदलापूर. इतिहासकार ही व्युत्पत्ती मान्य करतील की नाही, तो वेगळा विषय. पण ती ज्यांनी रचली आणि पुढे सांगितली, त्यांना एक गोष्ट नक्की ठाऊक होती: घोडा दमतो. लांबचा पल्ला मारायचा तर मधे ताजा घोडा लागतो.

माझी अख्खी नोकरी अंबरनाथला एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात गेली. गाड्या लावणं, बिल्टी करणं, आणि गाडी निघाली की ती पोचेपर्यंत फोन करत राहणं. कंपनीच्या स्वतःच्या डझनभर गाड्या, बाकी बाजारातून उचललेल्या. ऑफिसात माझ्या कामाला 'डिस्पॅच' म्हणत. ड्रायव्हर लोक काय म्हणत ते इथे लिहिण्यासारखं नाही.

एक रात्र सांगतो. आनंदनगर एमआयडीसीतून हुबळीचा माल होता. गाडी सकाळी ९ ला गेटवर लागली. कधी माल तयार नाही, कधी हमाल जेवायला गेले, कधी कागद अडकले, असं करत ती रात्री ८ ला बाहेर पडली. पार्टीने पोचायची वेळ मात्र सकाळच्या हिशोबानेच धरली होती. रात्री २ ला मी फोन केला. खंबाटकी उतरून सातारा यायचा होता. गाडीवरच्या माणसाला आम्ही सगळे मामा म्हणायचो. मामा म्हणाले, "साहेब, डोळा लागतोय. तासदोनतास पडतो." मी म्हणालो, "मामा, कोल्हापूर गाठा, मग झोपा." त्यांनी फोन बंद केला आणि एका पेट्रोल पंपावर गाडी लावून झोपले. माल चार तास उशिरा पोचला. पार्टीने भाड्यातून पैसे कापले, आणि मी ते मामांच्या भत्त्यातून कापले. व्हाऊचरवर सही माझीच.

त्या रात्री कायदा कोणाच्या बाजूने होता, हे ना मामांना माहीत होतं, ना मला. निवृत्त झाल्यावर शोधत बसलो. जे सापडलं ते सांगण्यासाठीच ही पोस्ट.

१९३० साली ब्रिटनमध्ये रोड ट्रॅफिक ॲक्ट आला. सलग साडेपाच तासांपेक्षा जास्त आणि २४ तासांत एकूण ११ तासांपेक्षा जास्त गाडी चालवायची नाही, असं त्यात होतं. पण माझं लक्ष आकड्यांपेक्षा शब्दांकडे गेलं. कलम फक्त चालवणाऱ्याला उद्देशून नाही. आपल्या नोकरीतल्या किंवा आपल्या हुकमाखालच्या माणसाला जो जास्त चालवायला लावेल किंवा चालवू देईल, तोही त्यात आहे.

आपल्याकडचा १९३९ चा मोटार वाहन कायदा त्याच्याही पुढे गेला. कलम ६५ ची सुरुवातच गाडी पाठवणाऱ्यापासून आहे. आपला नोकर असलेल्या किंवा आपल्या ताब्यात काम करणाऱ्या ड्रायव्हरला कोणीही सलग ५ तासांच्या वर अर्ध्या तासाच्या विश्रांतीशिवाय, दिवसाला ९ तासांच्या वर किंवा आठवड्याला ५४ तासांच्या वर चालवायला लावू नये, चालवू देऊ नये. म्हणजे फोनवरचा माणूस, म्हणजे मी, ८० वर्षांपूर्वीच कायद्यात लिहिलेला होतो.

स्वातंत्र्यानंतर १९६१ चा मोटार वाहतूक कामगार कायदा आला. दिवसाला ८ तास, आठवड्याला ४८. लांब पल्ल्यासाठी परवानगी घेऊन १० आणि ५४. सलग ५ तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती. विश्रांती धरून दिवसाच्या कामाचा पसारा १२ तासांच्या आत. आज काम संपल्यापासून उद्या सुरू होईपर्यंत सलग ९ तास मोकळे. आठवड्याला एक सुट्टी, जादा कामाला दुप्पट मजुरी. कामाच्या तासांत मालाची चढ-उतारही धरली आहे. थांबून राहण्याची वेळ मात्र टर्मिनलवर पंधरा मिनिटांच्या आतली असेल तरच धरतात. गेटवरच्या लांबलचक थांबण्याचं काय करायचं, यावर वकील भांडत बसतील. पण सकाळी ९ ते रात्री २ म्हणजे १७ तास होतात, आणि १२ तासांचा पसारा त्यात कुठे बसतो, हे सांगायला वकील लागत नाही.

१९८८ च्या मोटार वाहन कायद्यातही कलम ९१ आहे. वाहतुकीच्या गाडीवर काम करणाऱ्या कुणाचेही तास १९६१ च्या कायद्याप्रमाणे, असं ते सांगतं. आणि तिथेही जादा काम करणाऱ्याबरोबर ते करायला लावणारा आणि करू देणारा आहेच.

मग हे सगळं गेलं कुठे? बदलापूर स्टेशनवर उभं राहून रुळांकडे बघा. १८५६ पासून इथून रेल्वे जाते. रेल्वे कामगारांचे तास १९३० साली कायद्यात आले, सलग ड्यूटीवाल्यांना आठवड्याला ६०. लोक तेवढ्यावर गप्प बसले नाहीत. वाद लवादाकडे गेला. मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती राजाध्यक्ष यांनी १९४७ मध्ये निवाडा देऊन हे ५४ वर आणले, आणि ज्यांचं काम सतत डोळ्यांत तेल घालून करायचं असतं त्यांच्यासाठी ४५. १९७३ मध्ये इंजिन चालवणाऱ्यांनी संप केला, तेव्हा १० तासांच्या ड्यूटीचं आश्वासन सरकारला द्यावं लागलं. ते पूर्ण पाळलं गेलं का, यावर भांडण अजून चालू आहे. पण भांडायला जागा आहे. ड्यूटी सुरू झाल्याची आणि संपल्याची नोंद आहे, युनियन आहे, साहेब आहे. एसटीतही डेपो आहे, ड्यूटीचा तक्ता आहे.

ट्रकवर यातलं काही नाही. १९६१ चा कायदा ५ किंवा जास्त कामगार असलेल्या धंद्याला लागू. एक-दोन गाड्यांचा मालक त्यातून आपोआप बाहेर. ड्रायव्हरला पैसे ट्रिपवर, त्यामुळे झोपला की त्याचंच नुकसान. आणि तासांची वही? आमच्या ऑफिसात डिझेलची वही होती, टायरची होती, टोलच्या पावत्यांची फाइल होती. ड्रायव्हर किती तास जागा आहे याची वही मी कधी बघितली नाही, आणि कोणी मागायलाही आलं नाही.

एक गंमत सांगतो. ड्रायव्हरला झोप मिळायची ती जकात नाक्यावर. मुलुंड, दहिसर, ऐरोलीला रांग लागायची. शिव्या घालत का होईना, माणूस स्टिअरिंगवर डोकं ठेवून दोन तास पडायचा. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, मुंबईची जकात गेली. चांगलंच झालं. नाके परत आणा असं मी म्हणत नाही. पण रस्ता मोकळा झाल्याने वाचलेला वेळ ड्रायव्हरच्या झोपेत गेला नाही. तो आम्ही डिस्पॅचवाल्यांनी पुढच्या ट्रिपमध्ये घातला.

पुढे २०१८ मध्ये ई-वे बिल आलं. मालाच्या कागदाला मुदत आली, आधी दर १०० किलोमीटरला एक दिवस, १ जानेवारी २०२१ पासून दर २०० किलोमीटरला एक दिवस. २०० किलोमीटर ८ तासांत होतात, त्याबद्दल तक्रार नाही. पण बघा, माल किती दिवस रस्त्यावर आहे हे सरकारला मिनिटासकट कळतं. त्याच वर्षी फास्टॅग सक्तीचा झाला, म्हणजे गाडी कुठल्या टोलवरून किती वाजता गेली तेही कळतं. मालकाच्या मोबाइलवर जीपीएस आहेच. तिन्ही नोंदी एकत्र ठेवल्या तर गाडी कधी हलली आणि कधी थांबली हे कुणीही सांगेल. कर चुकला तर त्या काढतात. माणूस झोपला नाही म्हणून कोणी काढत नाही.

जानेवारी २०२४ चा ड्रायव्हरांचा संप आठवत असेल. पेट्रोल पंपांवर आपल्या रांगा लागल्या होत्या. अपघात करून न कळवता पळून गेल्यास १० वर्षांपर्यंत शिक्षा, या नव्या कलमावरून तो संप होता. कलम तेवढं बाजूला ठेवून बाकी न्याय संहिता १ जुलै २०२४ ला लागू झाली. अपघातात मेलेल्या माणसाच्या घरच्यांना न्याय मिळायलाच हवा. पण त्या सगळ्या चर्चेत, तो ड्रायव्हर किती तास जागा होता आणि त्याला कोणी जागं ठेवलं होतं, हा प्रश्न मला कुठे दिसला नाही. एफआयआरमध्ये नाव एकच असतं.

आणि आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या. १९६१ चा कायदा सुरक्षा, आरोग्य आणि कामाच्या स्थितीच्या संहितेत विरघळला. ८ तास राहिले, पण कामगारांची मर्यादा ५ ची १० झाली. म्हणजे पूर्वी छोटा मालक बाहेर होता, आता मधलाही बाहेर.

माझी बाजूही सांगतो, नाहीतर सगळं पाप डिस्पॅचवर टाकल्यासारखं होईल. मला पार्टीचा फोन यायचा. पार्टीला तिच्या गिऱ्हाईकाचा. गाडी उशिरा गेली तर पुढचा माल दुसऱ्या ट्रान्सपोर्टला. मी नाही म्हटलं असतं तर माझ्या खुर्चीत दुसरा बसला असता. म्हणून जगात इतर ठिकाणी ही साखळी वरपर्यंत धरलेली आहे. युरोपच्या २००६ च्या नियमांत दिवसाला ९ तास आणि साडेचार तासांनंतर ४५ मिनिटं थांबणं आहेच, पण ड्रायव्हरच्या तासांत बसेल असंच वेळापत्रक ठरवण्याची जबाबदारी माल पाठवणाऱ्यावर आणि मधल्या दलालावरही आहे. अमेरिकेत २०१६ पासून तास मोडायला ड्रायव्हरवर दबाव आणणं हाच वेगळा गुन्हा आहे, आणि त्यात ट्रान्सपोर्टवाल्याबरोबर माल पाठवणारा आणि घेणाराही येतो.

आपल्याकडे एवढं मोठं काही एका दिवसात होणार नाही. पण एक गोष्ट आजच्या कायद्यातही करता येते. ट्रकचा मोठा अपघात झाला की तपासात मागच्या २४ तासांचा फास्टॅग, जीपीएस आणि ट्रान्सपोर्ट ऑफिसचे फोन मागवा. गाडी गेटवर कधी लागली आणि कधी सुटली, हे कंपनीच्या गेटच्या रजिस्टरवरून लिहून घ्या. "लावणारा आणि चालू देणारा" हे शब्द कायद्यात आहेत, ते एफआयआरमध्ये आणा. दोन-चार ट्रान्सपोर्टवाल्यांना आणि दोन-चार पार्ट्यांना जबाब द्यायला बोलावलं, तर रात्री २ चे फोन आपोआप कमी होतील. मी त्या खुर्चीत बसलेला माणूस आहे, मला माहीत आहे आम्ही कशाला घाबरतो.

आता बदलापूरजवळून वडोदरा महामार्गाचा फाटा जेएनपीटीकडे निघालाय, माथेरानच्या डोंगरातून बोगदा आहे. गाड्या अजून लवकर पोचतील. तो वाचलेला वेळ कोणाला मिळणार, हे आत्ताच विचारून ठेवलेलं बरं.

मामा त्यानंतर तीन वर्षं आमच्याकडे होते. कापलेल्या पैशांबद्दल एकदाही बोलले नाहीत. मीही परत केले नाहीत. त्या रात्री ते झोपले म्हणून घरी पोचले, आणि त्यासाठी त्यांना माझं ऐकायचं टाळावं लागलं.

एमआयडीसीत जे मित्र आज लोडिंग बघतात, त्यांना हात जोडून सांगणं एवढंच: गाडी गेटवर लागली ती वेळ लिहून ठेवा, आणि पोचायची वेळ तिथून मोजू नका, सुटली तिथून मोजा. ड्रायव्हर मंडळी वाचत असतील तर तुमचे तास खाली लिहा. नाव नको, फक्त तास.