गुणसूत्रांच्या टोकांची राखण : एका कल्पनेचा इतिहास

जोयडा तालुक्यातील कुळगीच्या रानात संध्याकाळी कुत्र्यासारखे भुंकणे ऐकू आले, तर ते भेकराचे असण्याचा संभव असतो. १९७० साली वुर्स्टर व बेनिर्श्के यांनी या हरणाची गुणसूत्रे मोजली. मादीत ६ व नरात ७. सस्तन प्राण्यांतील ही नीचांकी संख्या होय. त्याच्या चिनी भाऊबंदात ती ४६ आहे. पूर्वजांची अनेक गुणसूत्रे टोकाला टोक जुळून भेकराची मोजकी, लांबलचक गुणसूत्रे बनली. काही सांध्यांवर जुन्या टोकांच्या खुणा आजही सापडतात. मग एरवी टोके अशी का जुळत नाहीत?

हा प्रश्न जुना आहे. क्ष-किरणांनी फळमाशीची गुणसूत्रे तोडून पाहणाऱ्या हर्मन म्युलर यांच्या ध्यानात आले की तुटलेली टोके परस्परांना चिकटतात, नैसर्गिक टोके चिकटत नाहीत. १९३८ साली त्यांनी नैसर्गिक टोकाला 'टेलोमियर' हे नाव दिले. टोकावर जणू मोहर केलेली असते, अशी त्यांची कल्पना होती. मक्यावर काम करणाऱ्या बार्बरा मॅक्लिंटॉक यांनाही तुटलेली टोके जुळताना दिसली. मोहर कशाची, हे कळायला मात्र अर्धे शतक लोटले. १९९५ मध्ये टीआरएफ-१ आणि १९९७ मध्ये टीआरएफ-२ या मानवी प्रथिनांची जनुके हाती आली. टीआरएफ-२ निकामी करताच टोके जुळू लागली. १९९९ मध्ये दिसले की टोक मागे वळून स्वतःच्याच धाग्यात खोवलेले असते, फासासारखे.

उर्दू-मराठी शिकविणाऱ्या माणसाला येथे 'मोहर' हा शब्द अपुरा वाटतो. मोहर एकदा फोडली की संपली. पेशी विभागण्यापूर्वी डीएनएची नक्कल तर टोकापर्यंत व्हावी लागते. म्हणजे फास सोडवायचा आणि लगेच पुन्हा राखायचा. २०१९ साली लंडनच्या फ्रान्सिस क्रिक संस्थेतील सायमन बोल्टन यांच्या गटाने याचा उलगडा केला. टीआरएफ-२ वर ठरावीक जागी फॉस्फेट असेपर्यंत फास सोडविणारे आरटेल-१ हे विकर तेथे धरले जात नाही. नकलेच्या काळात दुसरे विकर तो फॉस्फेट काढते, फास सुटतो. मग फॉस्फेट परत बसतो आणि आरटेल-१ दूर होते. फॉस्फेट बसूच दिला नाही, तर फास अवेळी सुटतात आणि पेशी आपले धड टोक तुटलेले समजते. तो निघूच दिला नाही, तर न सुटलेला फास कापला जाऊन टोकच आखूड होते.

भेकराचे सांधे याच बिघाडातून झाले, असे म्हणणे घाईचे होईल. जोडलेल्या गुणसूत्रावर विभाजनावेळी ओढ घेणारी दोन केंद्रे राहिली, तर ते दोन दिशांना ताणले जाऊन तुटू शकते. भेकराच्या गुणसूत्रांत मात्र एकेकच चालते केंद्र उरले, म्हणून ती पिढ्यान्‌पिढ्या टिकली.