फ्लॉपीपासून सामायिक फोल्डरपर्यंत : फर्मवेअर-दुरुस्तीची वाटचाल

शाळेच्या संगणक-कक्षातील कपाटात तळाशी फ्लॉपींची एखादी पेटी अजूनही सापडते. प्रश्नपत्रिका, गुणतक्ते, पत्रे असे काय काय आपण त्यांवर साठवले! पण फ्लॉपीचा जन्म यांपैकी कशासाठीच झाला नव्हता. तो झाला संगणकाच्या दुरुस्तीसाठी. ही हकिगत समजून घेण्यासाठी थोडे मागे जाऊ या.

सुरुवातीच्या संगणकांत 'बेरीज कर' या आज्ञेबरोबर कोणकोणते विद्युत्-संकेत कोणत्या क्रमाने सुटावेत, हे तारांच्या जोडणीतूनच ठरे. जोडणीत चूक निघाली, की यंत्र उघडून डाख सोडवणे आले. १९५१ साली मँचेस्टर येथील परिषदेत केंब्रिजचे मॉरिस विल्क्स यांनी वेगळा मार्ग सुचवला. प्रत्येक आज्ञा म्हणजे आणखी लहान आज्ञांची मालिका, असे मानावे आणि ही मालिका यंत्रातीलच एका स्मृतीत साठवावी. १९५८ साली केंब्रिजमध्ये 'एडसॅक-२' या संगणकात ही कल्पना प्रत्यक्षात आली. यंत्राच्या पोटात बसलेल्या अशा आज्ञांना १९६७ साली ॲशर ओप्लर यांनी 'डेटामेशन' मासिकात नाव दिले – फर्मवेअर. हार्डवेअरइतके कठीण नाही, सॉफ्टवेअरइतके मऊ नाही, दोहोंच्या मधले.

आता प्रश्न आला तो या आज्ञा बदलायच्या कशा? आयबीएमच्या काही संगणकांत त्या भोके पाडलेल्या पत्त्यांवर असत. पत्ते बदलायला यंत्र उघडावे लागे. १९७० च्या सुमारास आलेल्या काही यंत्रांत त्या अर्धवाहक स्मृतीत ठेवल्या गेल्या. बदलायला सोपे झाले खरे, पण वीज जाताच स्मृती कोरी! दर वेळी आज्ञा नव्याने भरण्यासाठी स्वस्त, हलके आणि टपालाने धाडता येईल असे साधन हवे होते. आयबीएमच्या सॅन होजे येथील प्रयोगशाळेत १९६७ पासून यावर काम चालू होते. त्यातून १९७१ साली आठ इंच व्यासाची, सुमारे ८० किलोबाइट क्षमतेची चकती बाहेर पडली. हीच पहिली फ्लॉपी. आता चूक सुधारायची तर तंत्रज्ञाने यंत्र उघडण्याऐवजी नवी चकती घातली तरी पुरे.

त्याच वर्षी इंटेलमधील डोव्ह फ्रोमन यांनी अतिनील किरणांनी पुसता येणारी स्मृती-चिप तयार केली. तिच्या पाठीवर क्वार्ट्झची छोटी खिडकी असे. वीज गेली तरी हिच्यातील मजकूर टिके, पण तो बदलण्यासाठी चिप काढून दिव्याखाली ठेवावी लागे. पुढे १९८४ साली तोशिबाचे फुजिओ मासुओका यांनी जगापुढे मांडलेली फ्लॅश स्मृती जागच्या जागी, विजेनेच पुसता-लिहिता येऊ लागली. सोय वाढली, तसा धोकाही. 'सीआयएच' नावाच्या विषाणूने २६ एप्रिल १९९९ रोजी अनेक संगणकांतील सुरुवातीच्या आज्ञाच बिघडवल्या. असा संगणक चालूच होत नाही. तो नुसती वीट होऊन बसतो.

चकती घेऊन एका यंत्राकडे जाता येते, शंभर सर्व्हरांकडे जाणे अवघड. १९८० च्या दशकात एका संगणकावरील फोल्डर जाळ्यावरून इतरांना वापरू देण्याच्या दोन पद्धती पुढे आल्या : आयबीएममध्ये जन्मलेली एसएमबी आणि सन मायक्रोसिस्टिम्सची एनएफएस. मग १९९८ साली आयपीएमआय हे प्रमाणक आले. त्यामुळे सर्व्हरच्या मदरबोर्डावर बसणाऱ्या एका छोट्या, स्वतंत्र नियंत्रक-संगणकाशी बोलण्याची समान पद्धत ठरली. मुख्य सर्व्हर बंद असला तरी हा जागा असतो. पुढे अनेक उत्पादकांनी त्याला फर्मवेअरची फाइल सामायिक फोल्डरमधून स्वतःच उचलण्याची सोय दिली. दुरुस्ती करणारा यंत्रापासून पार दूर गेला.

पण साखळी लांबली, की निसटणाऱ्या कड्याही वाढतात. आमच्या परिचयाच्या एका महाविद्यालयात परीक्षा-निकालांचा सर्व्हर होता. त्याचे फर्मवेअर बदलताना पडद्यावर सारखे एकच उत्तर येई : 'फाइल मिळाली नाही.' आम्ही आमच्या संगणकावरून तोच फोल्डर उघडून पाहिला. फाइल तर समोर दिसत होती! बराच वेळ आम्ही नियंत्रकालाच दोष देत राहिलो.

चूक आमच्या प्रयोगात होती. फाइल वाचायची होती नियंत्रकाने, आणि तपासणी आम्ही आमच्या टेबलावरून करत होतो. नियंत्रकाचा पत्ता वेगळा, जोडणी वेगळी, आणि त्याची भाषाही वेगळी. तो एसएमबीची फक्त पहिली आवृत्ती जाणत होता. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' या विषाणूने याच जुन्या आवृत्तीतील दोषाचा फायदा घेऊन जगभर हाहाकार उडवला होता. म्हणून फोल्डर असलेल्या संगणकावर ती बंद केलेली होती, आणि ते योग्यच होते.

पुन्हा जुनी आवृत्ती सुरू करण्याचा मोह आम्हाला झाला. पण एका यंत्राच्या सोयीसाठी साऱ्या जाळ्याचे दार उघडे टाकणे बरे नव्हे. नियंत्रकाला एनएफएसही येत होते. तसा फोल्डर केला, तरी नकारच! त्या फोल्डरच्या परवानगीच्या यादीत आम्ही आमच्याच संगणकाचा पत्ता लिहिला होता. तीच चूक दुसऱ्यांदा! नियंत्रकाचा पत्ता घातला आणि फाइल गेली.

या सगळ्यात निकाल सुरक्षित होते का? होते. त्यांची प्रत आधीच काढली होती. शिवाय असे नियंत्रक बहुधा आधी पूर्ण फाइल स्वतःकडे उतरवून घेतात, ती अस्सल आणि अखंड आहे का हे पडताळतात, आणि मगच फ्लॅशवर लिहितात. त्याआधी जाळे तुटले तर काही बिघडत नाही. लिहिताना वीज गेली तर मात्र सर्व्हरची वीट होऊ शकते. म्हणजे 'फाइल मिळाली नाही' हा संदेश त्रासदायक असला तरी घातक नव्हता. खरी काळजी घ्यायची ती त्यानंतरच्या काही मिनिटांत.

विल्क्स यांच्यापासून आजपर्यंत दुरुस्ती सोपी होत आली, कारण ती यंत्रापासून दूर दूर जात राहिली. पण दुरून दुरुस्ती करणाऱ्याला यंत्राच्या जागी उभे राहून विचार करावा लागतो. वर्गात विजेचा दिवा लागला नाही, तर आपण घट, तार, खटका आणि दिवा एकेक करून तपासायला सांगतो. एका वेळी एकच गोष्ट बदलायला सांगतो. त्याला आणखी एक प्रश्न जोडावा, असे आम्हाला वाटते : आपण तपासतो आहोत ते नेमके कुठून?